21 सेकंदांचं उड्डाण: बेल रॉकेट बेल्टचं प्रकरण

पाठीवर यंत्र बांधून माणूस उडेल, हे अजून न साधलेलं स्वप्न आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ते 1961 मध्येच साधलं होतं. यंत्र उडालं, वळलं, हवं तिथे उतरलं, आणि उडवणाऱ्याने उतरल्यावर अमेरिकेच्या अध्यक्षांना सॅल्यूटही ठोकला. तरीही नऊ-दहा वर्षांत सगळा कारभार आटोपला. तो का आटोपला, हे या प्रकरणात पाहायचं आहे. ज्यांची नावं सार्वजनिक नोंदींत ठळक आहेत तेवढी ठेवली आहेत, बाकीची गाळली आहेत.

पार्श्वभूमी

वेंडेल मूर हे बेल कंपनीतले इंजिनिअर. कंपनीचा कारखाना न्यूयॉर्क राज्यात, बफेलो आणि नायगारा फॉल्सच्या परिसरात. 1947 मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणारं एक्स-1 विमान याच कंपनीचं. विमान फार उंच गेलं की हवा इतकी विरळ होते की शेपटीचं सुकाणू हलवून काही उपयोग होत नाही. तिथे विमान वळवायला हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारी लहान रॉकेटं लागतात, आणि या रॉकेटांवर बेलच्या लोकांचा हात बसलेला होता. ही रॉकेटं जरा मोठी करून माणसाच्या पाठीला बांधली तर काय होईल, हा विचार मूर यांच्या डोक्यात 1953 च्या सुमारास आला.

त्या काळी अमेरिकी लष्करालाही अशा गोष्टींचं कुतूहल होतं. नदी, कडा, सुरुंग पेरलेली जमीन, किनाऱ्यापासून थोडं आत थांबलेली नौका, असे अडथळे एका उडीत पार करणारा शिपाई त्यांना हवा होता. ऑगस्ट 1960 मध्ये लष्कराच्या वाहतूक संशोधन विभागाने बेलला सुमारे दीड लाख डॉलरचं काम दिलं. कागदोपत्री नाव होतं 'स्मॉल रॉकेट लिफ्ट डिव्हाइस'. लोकांच्या तोंडी मात्र 'रॉकेट बेल्ट' हेच बसलं.

अडचण

जखम धुवायला औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं की जखमेवर फेस येतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पेरॉक्साइड फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतो, थोडी उष्णता सुटते, एवढाच तो प्रकार. दुकानातल्या बाटलीत ते जेमतेम 3 किंवा 6 टक्के असतं. मूर यांनी वापरलं ते 90 टक्के तीव्रतेचं. ते चांदीच्या जाळ्यांच्या थरातून सोडलं की क्षणार्धात फुटतं, आणि फेसाच्या जागी सुमारे 740 अंश सेल्सिअसची वाफ निघते. पाठीवर तीन टाक्या: दोन पेरॉक्साइडच्या, आणि ते दाबाने ढकलणारा नायट्रोजन भरलेली तिसरी. वाफ दोन नळ्यांमधून खांद्यांवरून वळून दोन बाजूंनी खाली फेकली जाते. आग नाही, धूर नाही, फिरणारा एकही भाग नाही. यंत्र म्हणून ते सुंदरच होतं.

आता हिशेब. असं रॉकेट एक किलो इंधनात साधारण 130 किलोंचा भार एक सेकंद तोलून धरतं. भरलेल्या बेल्टचं वजन 57 किलो, माणूस 80 किलोंचा. म्हणजे नुसतं हवेत थांबायला सेकंदाला किलोभर इंधन हवं. टाक्यांत ते वीस-बावीस सेकंद पुरेल एवढंच मावत होतं. म्हणून उड्डाण 21 सेकंदांचं.

मग टाक्या मोठ्या का केल्या नाहीत? इंधन दुप्पट केलं तर टाकी आणि नायट्रोजनची बाटलीही वाढते, आणि ते वाढीव इंधन उचलून धरायलाच पुन्हा इंधन खर्ची पडतं. मी हिशेब मांडून पाहिला, तर दुप्पट इंधनात 40 सेकंदही भरत नाहीत. त्यासाठी माणसाने उड्डाणाआधी स्वतःच्या पायांवर 90 किलोंचं ओझं घेऊन उभं राहायचं, आणि उतरतानाही गडबड झाली तर तेच ओझं झेलायचं. विमानाला चाकं असतात. या यंत्राला उतरण्यासाठी होते ते वैमानिकाचे गुडघे.

यातून एक गोष्ट निघते. 21 सेकंद ही काही पहिल्या नमुन्यात राहून गेलेली आणि पुढे सुधारेल अशी उणीव नव्हती. त्या इंधनाची आणि माणसाच्या पायांची मिळून ती हद्द होती, आणि ती कामाच्या पहिल्या दिवशीच कागदावर दिसत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता दाबून भरलेला वायू. थंड आणि निर्धोक, पण बाटल्या अतोनात जड. तरी 1958 च्या सुमारास मूर यांनी एक चाचणीचा सांगाडा याच तत्त्वावर केला. पोलादी नळ्यांची चौकट, त्यात बांधलेला माणूस, आणि जमिनीवरून लांब नळीने येणारा नायट्रोजन. या सांगाड्यावर माणसं सुमारे 5 मीटर उंचीवर तीन-तीन मिनिटं तरंगली. या सगळ्या प्रकरणात मला हा सगळ्यात बोलका आकडा वाटतो. साठा जमिनीवर ठेवला तर तीन मिनिटं, पाठीवर घेतला तर 21 सेकंद. आज गोव्यात पर्यटक ज्या फ्लायबोर्डवर पाण्याच्या फवाऱ्याच्या जोरावर उडतात, तीही हीच युक्ती. इंजिन खालच्या जेट-स्कीत राहतं, माणसाला फक्त नळी जोडलेली असते. म्हणूनच तिथे तासन्‌तास धंदा चालतो.

दुसरा पर्याय, इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) वेगवेगळं नेऊन जाळणारं खरंखुरं रॉकेट. त्याची ताकद बरीच जास्त. पण ज्वाळा पोटऱ्यांपासून हातभर अंतरावर. हा पर्याय सोडून देण्यात चूक काही नव्हती.

तिसरा म्हणजे पेरॉक्साइड. चौथा, लहान जेट इंजिन. जेट इंजिन ऑक्सिजन हवेतून घेतं, तो पाठीवर वाहावा लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनात कित्येक पटींनी जास्त वेळ उडता येतं. अडचण एवढीच, की पाठीवर मावेल आणि माणूस उचलेल असं जेट इंजिन 1960 मध्ये कुणाकडेच नव्हतं. 'मूर यांनी थांबायला हवं होतं' असं पुढे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. न जन्मलेल्या इंजिनाची वाट पाहत बसले असते, तर हवेत माणसाचा तोल कसा सावरायचा, हेच कुणाला कळलं नसतं.

पाचवा पर्याय चर्चेत आलेला दिसत नाही, आणि तो घरातच उभा होता. हेलिकॉप्टर! बेलचाच हेलिकॉप्टर विभाग टेक्सासमध्ये 'ह्यूई' तयार करत होता. ते 1956 मध्ये पहिल्यांदा उडालं होतं. नदी ओलांडायची, सुरुंगांवरून जायचं, जखमी माणूस उचलून आणायचा, ही सगळी कामं ते एका खेपेत पाच-दहा जणांसाठी करू शकत होतं. 1960 मध्ये रॉकेटवाला आणि हेलिकॉप्टरवाला, असे बेलचे दोन्ही विभाग टेक्स्ट्रॉन या एकाच मालकाकडे गेले. रॉकेट बेल्टचा खरा प्रतिस्पर्धी त्याचा सख्खा भाऊच होता. लष्कराच्या एकाच टेबलावर ही दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून 'यातलं कोण काय करेल' असं कुणी विचारलं असतं, तर बऱ्याच गोष्टी लवकर उलगडल्या असत्या.

काय केलं

29 डिसेंबर 1960 पासून हँगरमध्ये दोराला बांधून चाचण्या सुरू झाल्या. उडवायला स्वतः मूर. यंत्र आपलं आहे, तर पहिला धोका आपण घ्यायचा, ही त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. 17 फेब्रुवारी 1961 ला, विसाव्या उड्डाणात, बेल्ट एका बाजूला झुकला आणि सुरक्षेचा दोरच तुटला. मूर जेमतेम अडीच मीटरवरून पडले, पण त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. त्यानंतर त्यांनी बेल्ट कधीच बांधला नाही.

इथे पहिला मोठा निर्णय घ्यावा लागला. काम थांबवायचं, कसलेला चाचणी-वैमानिक आणायचा, की संघातल्याच कुणाला तरी पुढे करायचं? त्यांनी तिसरी वाट धरली. हॅरॉल्ड ग्रॅहम हे 27 वर्षांचे इंजिनिअर 1 मार्चपासून दोरावर शिकू लागले. माझ्या मते या सगळ्या काळातला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता. विमानाच्या वैमानिकाच्या सवयी इथे उपयोगाच्या नव्हत्या. उजव्या मुठीत रेटा कमी-जास्त करायचा, डाव्या मुठीत वळायचं, आणि पुढे-मागे जायला खांदे-कोपर दाबून नळ्या किंचित कलत्या करायच्या. सायकलीसारखं हे अंगात मुरवावं लागत होतं, आणि यंत्राची नस माहीत असलेल्या तरुणाला ते लवकर जमलं. पुढे मूर यांच्या शेजारचा एक 19 वर्षांचा पोरगाही शिकून तयार झाला, आणि तोच या यंत्राचा सर्वांत नावाजलेला वैमानिक ठरला.

20 एप्रिल 1961. नायगारा फॉल्स विमानतळ. गागारिन पृथ्वीभोवती फिरून आले त्याला आठवडाच झाला होता. ग्रॅहम दोराशिवाय उडाले: 13 सेकंद, सुमारे 34 मीटर अंतर, उंची अगदीच बेताची. ऐकायला हसू येईल, पण दोर नसलेलं असं उड्डाण त्यापूर्वी कुणी केलं नव्हतं.

इंधन किती उरलं, हे सांगणारा भरवशाचा काटा नव्हता, म्हणून हेल्मेटमध्ये घड्याळाला जोडलेला थरथरणारा इशारा बसवला. ठरावीक सेकंद झाले की डोक्याला कंप जाणवायचा, शेवटी तो सलग सुरू व्हायचा, की आता उतर. कारण इंधन संपल्यावर या यंत्रात दुसरी संधी नाही. विमान तरंगत खाली येतं, हेलिकॉप्टरची पाती वाऱ्याने फिरत राहतात. बेल्ट मात्र दगडासारखा पडतो. आणि उडण्याची उंची पॅराशूट उघडायला लागणाऱ्या उंचीपेक्षा कमीच.

जूनमध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट युस्टिसला लष्कराच्या लोकांपुढे जाहीर प्रात्यक्षिक झालं. ऑक्टोबरमध्ये फोर्ट ब्रॅगला ग्रॅहम पाण्यातल्या नौकेवरून उडून थेट केनेडींसमोर उतरले. अध्यक्ष तोंडाचा आ वासून बघत राहिल्याचं सांगतात. इथून पुढे प्रात्यक्षिकंच प्रात्यक्षिकं. जत्रा, स्टेडियम, परदेशदौरे, 1965 मध्ये एका बाँडपटातही दर्शन.

दुसरं वळण इथेच होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येक प्रात्यक्षिक 21 सेकंदांच्या मापाने बेतलेलं असायचं: सपाट जागा, शांत हवा, ठरलेला मार्ग, बाजूला इंधन भरायला तयार तंत्रज्ञ. प्रेक्षकांना 21 सेकंद भरपूर वाटतात, कारण जादूला तेवढाच वेळ लागतो. बघणाऱ्याच्या टाळ्यांवरून वापरणाऱ्याची गरज ओळखायची, ही गफलत इथे बेमालूम झाली. आपल्याकडेही कृषी प्रदर्शनात ट्रॅक्टरला जोडलेलं नवं अवजार भुसभुशीत मातीत चालवून दाखवतात, आणि घरच्या चिकट काळ्या रानात ते दुसऱ्या तासालाच अडकतं. तसंच.

लष्कराने बेल्ट विकत घेतला नाही. जेमतेम शे-सव्वाशे मीटर पल्ला, कानठळ्या बसवणारा आवाज, थोडासा कचरा पडला तरी फुटू शकणारं इंधन, आणि दर वीस सेकंदांच्या उडीमागे भरणी करणारं पथक. शिपायाने शत्रूच्या बाजूला उतरल्यावर परत कसं यायचं?

मूर यांनी मग चौथ्या पर्यायाकडे मोर्चा वळवला. दरम्यान सॅम विल्यम्स यांच्या कंपनीने ते न जन्मलेलं लहान जेट इंजिन खरंच बनवलं होतं: डब्ल्यूआर-19, वजन 31 किलो. संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेने पैसे दिले. 7 एप्रिल 1969 ला 'जेट बेल्ट' नायगारा फॉल्स विमानतळावर मोकळा उडाला. साधारण 7 मीटर उंचीवरून 100 मीटरचा फेरा. कागदावर त्याची मजल 25 मिनिटांची होती. वेळेचा प्रश्न सुटल्यात जमा होता.

आणि 29 मे 1969 ला मूर यांचं निधन झालं.

निष्पत्ती

त्यांच्यामागे हा गाडा ओढणारं कुणी उरलं नाही. जानेवारी 1970 मध्ये बेलने जेट बेल्टचे हक्क विल्यम्सच्या कंपनीला दिले. वेळेचा प्रश्न सुटला तरी गुडघ्यांचा प्रश्न होता तसाच होता. उलट जड इंजिन पाठीवर घेऊन उतरणं जास्तच बिकट झालं होतं.

त्या इंजिनाचं नशीब मात्र उजळलं. त्याच घराण्यातलं एफ107 इंजिन पुढे अमेरिकेच्या टोमाहॉक क्रूझ क्षेपणास्त्रांत बसलं. हलकं, कमी इंधनात लांब जाणारं, स्वस्त. माणसाच्या पाठीवर ज्या अडचणी होत्या त्या क्षेपणास्त्राला नाहीत. त्याला सुखरूप उतरायचंच नसतं.

1984 हे साल या गोष्टीत दोनदा येतं. 28 जुलैला लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तोच शेजारचा पोरगा, आता चाळिशीच्या आसपासचा, बेलच्याच धर्तीवर दुसऱ्याने बनवलेला बेल्ट बांधून स्टेडियममध्ये उतरला. वीसेक सेकंद. कोट्यवधी लोकांना जेटपॅक म्हणून आठवतो तो हाच. पण त्याआधी 7 फेब्रुवारीला ब्रूस मॅकँडलेस हे अंतराळवीर चॅलेंजर यानापासून सुमारे 100 मीटर दूर, कुठलाही दोर न बांधता तरंगले होते. पाठीवर नायट्रोजनचे 24 लहान फवारे असलेलं यंत्र. म्हणजे मूर यांनी जो पहिला पर्याय जड म्हणून बाजूला ठेवला होता, तोच. कक्षेत वजन तोलून धरायचं नसतं, फक्त ढकलायचं असतं, म्हणून तिथे तो सेकंदांऐवजी तासांच्या हिशेबात पुरला.

वेगळं काय करता आलं असतं

बेलच्या लोकांनी यंत्रात फार चुका केल्या असं मला वाटत नाही. चूक झाली ती कामाच्या व्याख्येत. लष्कराने 'माणूस उडवा' असं सांगितलं आणि बेलने माणूस उडवला. 'कुठल्या जागी 21 सेकंद हा फरक पाडणारा वेळ आहे?' हा प्रश्न करार करतानाच, पायदळातल्या एखाद्या सुभेदाराच्या दर्जाच्या माणसाला समोर बसवून विचारता आला असता. उत्तर कदाचित 'कुठेच नाही' आलं असतं. पण 'अमुक प्रकारच्या कड्यावर दोर घेऊन पहिल्या माणसाने चढायला' असंही आलं असतं. मग यंत्र तेवढ्याच कामासाठी घडवता आलं असतं. जाण्यापुरतं उडायचं, परत चालत यायचं.

दुसरं म्हणजे तो तीन मिनिटांचा सांगाडा. नळीचं बंधन मान्य करून नौकेवरून किनाऱ्यावर, किंवा इमारतीच्या बाहेरून मजल्यावर पोचायला त्याचा उपयोग होतो का, हे तपासलेलं दिसत नाही. मोकळं उडण्याची ओढ इतकी होती की बांधलेलं उडणं अपमानाचंच वाटलं असावं. इंजिनिअरांच्या या हट्टाचं मला कौतुकही वाटतं.

आणि तिसरं, मूर यांनी स्वतः उडायला नको होतं. गुडघा फुटला म्हणून एवढंच नाही. सगळा प्रकल्प एका माणसाच्या जिद्दीवर टांगलेला होता, हे त्या फेब्रुवारीत सगळ्यांना दिसलं होतं. तरी पुढच्या आठ वर्षांत दुसरा मूर तयार केला गेला नाही.

हाच प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवण्याचा एक प्रयत्न सप्टेंबर 2020 मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये झाला. तिथल्या हवाई रुग्णवाहिका सेवेने आधी काम ठरवलं: डोंगरात पडलेल्या माणसापर्यंत पहिला पॅरामेडिक पोचवायचा. ग्रॅव्हिटी कंपनीचे रिचर्ड ब्राउनिंग हातांवर आणि पाठीवर लहान टर्बाइन, म्हणजे छोटी जेट इंजिनं, बांधून जखमीच्या ठरवलेल्या जागी 90 सेकंदांत पोचले. पायी तिथे जायला 25 मिनिटं लागतात. यंत्राची मजल अजूनही मिनिटांतच आहे, पण या कामाला दीड मिनिटच पुरे होतं. धुक्यात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात काय, हा प्रश्न उरतोच. डोंगरात माणसं तेव्हाही पडतात.

जानेवारी 2023 मध्ये भारतीय लष्करानेही तातडीच्या खरेदीत 48 जेटपॅक सूटसाठी प्रस्ताव मागवले, आणि आपल्याकडे पुन्हा उडणाऱ्या शिपायाची चित्रं फिरू लागली. 3,000 मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ पाव भाग विरळ असते, म्हणजे टर्बाइनचा रेटाही तिथे घटतो, आणि थंडीतल्या पोशाखाने शिपायाचं वजन वाढतं. तिथे हा सूट बांधून कुणी कुठून कुठे जायचं, किती मीटर, आणि परत कसं यायचं, हे ज्या पानावर लिहिलेलं असेल ते पान मला सगळ्यात आधी वाचायला आवडेल.